मुलगी हरवल्याच्या पहिल्या तासापासून साक्षीच्या तारखेपर्यंत

नागपुरात एखाद्या वस्तीतली मुलगी नाहीशी झाली की पहिला फोन ठाण्यात जात नाही. तो अंगणवाडीच्या ताईंना जातो, बचत गटाच्या अध्यक्षांना जातो, कधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला जातो. आई घाबरलेली असते, बापाला "पळून गेली" हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचे नसतात, आणि दोघे रात्रभर नातेवाइकांची दारे ठोठावत फिरतात. मुलींची आणि मजुरांची तस्करी रोखणाऱ्या आमच्या वस्ती-गटांचा सगळा जोर या रात्रीवर असतो. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. संध्याकाळी घरातून निघालेली मुलगी उजाडेपर्यंत इटारसी, दुर्ग नाहीतर बल्लारशाच्या पुढे गेलेली असू शकते. पोलिसांची धाड एका रात्रीत उरकते. तिच्या आधीचे हे तास आणि तिच्या नंतरची दोन-तीन वर्षे सांभाळणारे कुणी आहे का, यावर मुलगी सुटली की नुसती जागा बदलून आली हे ठरते. म्हणून सगळा रस्ता टप्प्याटप्प्याने, जसा आम्ही चालतो तसा मांडतो आहोत.

ठाण्याच्या टेबलावर पहिली अडचण येते ती "चोवीस तास थांबा" या उत्तराची. असा कोणताही नियम नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही. अपहरण गृहीत धरून एफआयआर घ्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सांगितलेले आहे. आज तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ (२) खाली लागतो. टेबलाशी भांडण न करता एवढेच म्हणायचे: "साहेब, मुलगी अठराच्या आतली आहे, मिसिंग नको, एफआयआर घ्या." दुसरी अडचण हद्दीची. नागपूरला शहर पोलीस वेगळे, ग्रामीण वेगळे, स्टेशनवरचे लोहमार्ग पोलीस वेगळे. शिवाय प्लॅटफॉर्मवर दिसणारे रेल्वे सुरक्षा दल हे चौथेच. ते मुलाला ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवू शकते, पण तस्करीचा गुन्हा लोहमार्ग पोलिसच नोंदवतात. घर ग्रामीणच्या हद्दीत, मुलगी शेवटची दिसली सीताबर्डीला आणि गाडीत बसली स्टेशनवर, अशा वेळी घरच्यांना तीन ठिकाणी फिरवले जाते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचा असतो. तरीही ठाणेदार ऐकत नसतील तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांना किंवा ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा आणि पावती जपावी. तस्करीची माहिती मिळूनही ती नोंदवून न घेणे हा न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. हे कलम तोंडावर फेकायचे नाही. अर्जाच्या शेवटच्या ओळीत शांतपणे लिहायचे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

हरवलेली स्त्री अठरा वर्षांच्या वर असली की गोष्ट कठीण होते. "सज्ञान आहे, स्वतःहून गेली," असे म्हणून फाइल बाजूला पडते. इथे अर्जाची भाषाच सगळे ठरवते. कोणी, कधी, कसले आमिष दाखवले, किती पैसे दिले, कोणाच्या फोनवरून बोलणे व्हायचे, हे नावानिशी लिहावे आणि न्याय संहितेच्या कलम १४३ चा, म्हणजे तस्करीचा, संशय स्पष्ट मांडावा. त्या कलमात फसवणूक आणि आमिष हे दोन्ही मार्ग आहेत, आणि पीडितेची संमती होती की नव्हती याने तस्करीचा गुन्हा ठरत नाही, असे कलमातच म्हटले आहे. "ती स्वतःच्या पायाने गेली" हे उत्तर म्हणून चालत नाही, हे घरच्यांनाही समजावून सांगावे लागते, कारण पुष्कळदा त्यांचाही त्यावर विश्वास बसलेला असतो.

अर्जासोबत काय न्यायचे? चेहऱ्याचा आणि पूर्ण उंचीचा असे दोन अलीकडचे फोटो, शाळेची टीसी किंवा जन्मदाखला, मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक, तिची इन्स्टाग्रामची आयडी, गोंदण किंवा जुन्या जखमेची खूण, अंगावरचे कपडे, बोलता येणाऱ्या भाषा. घरात राहिलेला तिचा जुना फोन कुणी चाळत बसू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. आहे तसा पोलिसांच्या हवाली करावा. तिच्या नंबरचे रिचार्ज संपू देऊ नये. संशयित एजंटाला रागाच्या भरात फोन लावणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे. अशा फोननंतर काही तासांत मुलीला दुसऱ्या शहरात हलवतात. व्हॉट्सॲप गटांवर फोटो फिरवण्याचेही तसेच. दलाल सावध होतो हे एक. दुसरे म्हणजे, पुढे लैंगिक अत्याचाराचा गुन्हा निघाला तर तिची ओळख उघड करणे कायद्याने बंद आहे, आणि हजारो फोनांत पोहोचलेला फोटो परत बोलावता येत नाही. फोटो कुठे आणि कसा द्यायचा हे तपास अधिकाऱ्यांवर सोडावे. स्टेशन, गणेशपेठचा एसटी स्टँड, खासगी ट्रॅव्हल्सच्या चौकातली दुकाने इथले सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जप्त करण्याची विनंती पहिल्याच अर्जात घालावी. अठराच्या आतले मूल चार महिन्यांत सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जायला हवा. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि त्या आठवड्यात स्वतः विचारायला जायचे. आपोआप क्वचितच काही होते.

हे सगळे वेळेवर जमते ते जाळे आधीपासून विणलेले असेल तरच. एका वस्तीत जबाबदार अशी एकच बाई असते. बाकीच्यांनी तिला सांगायचे, तिने पोलिसांशी बोलायचे. दहा जणांनी दहा ठिकाणी फोन केले की दहा वेगळ्या कहाण्या तयार होतात आणि त्याचा फायदा पुढे आरोपीच्या वकिलाला होतो. जाळ्यात कोण हवे? आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई, मोबाइल रिचार्जवाला, ऑटोवाले, स्टेशनवर झाडू मारणारे आणि पाणी विकणारे. गावात पोलीस पाटील आणि ग्राम बाल संरक्षण समिती. ही समिती पुष्कळ ठिकाणी फक्त कागदावर असते. तिची बैठक बोलावण्यासाठी सरपंचांच्या मागे लागणे हेही कामच. सलग आठ-दहा दिवस शाळेत न आलेली मुलगी हाच सर्वांत लवकर मिळणारा इशारा असतो, आणि तो पोलिसांच्या फार आधी शिक्षिकेला दिसतो.

नागपूरच्या वस्त्यांत दोन प्रकार वारंवार समोर येतात. पहिला लग्नाच्या नावाखाली विक्रीचा. बाहेरच्या राज्यातला मुलगा, सगळा खर्च मुलाकडचे करणार, वर आईबापाच्या हातात रोख रक्कम, लग्न चार दिवसांत, आणि मध्ये ओळखीचीच एक बाई. ही मध्यस्थ परकी नसते. बहुधा त्याच वस्तीत राहिलेली, कुणाची तरी मावशी म्हणवणारी असते, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. वकिलाकडे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून "कोर्ट मॅरेज झाले" असे सांगितले जाते. नोटरीने लग्न होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते आणि विवाह अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे लागते. आमच्या बायका आता अशा घरी जाऊन तीनच गोष्टी विचारतात: मुलाचे घर कुणी पाहून आले, त्याच्या गावातला त्याच्या नात्याबाहेरचा एक फोन नंबर कोणता, आणि लग्न इथल्याच निबंधकाकडे नोंदवायला तो तयार आहे का. खोटा असेल तर तिसऱ्या प्रश्नाला मध्यस्थ बाई चिडते.

दुसरा प्रकार मजुरीचा. छिंदवाडा, बालाघाट, मंडला आणि छत्तीसगडमधून माणसे नागपूरच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. यातले बहुतेक स्थलांतर साधे, गरजेपोटीचे असते, त्याला तस्करी म्हणणे अन्यायाचे आहे. फरक उचलीत, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांत असतो. मुकादमाने दिलेली उचल फिटेपर्यंत जाता येत नाही, हिशेबाची वही मालकाकडे, आधार कार्डे त्याच्या कपाटात आणि बाजाराला जायलाही एक माणूस मागे ठेवून जावे लागते, असे झाले की ती वेठबिगारी. म्हणून गावातून निघण्यापूर्वीच नोंद करायची. साधी शाळेची वही चालते: कोण गेले, मुकादमाचे नाव व नंबर, गाडीचा क्रमांक, ठिकाण, उचल किती, परतायचे कधी, सोबत लहान मुले किती. ठरलेल्या वारी घरी फोन यायचा. फोनवर मालक शेजारी बसला असेल तर बोलता येत नाही, म्हणून एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवतात, "बैल विकला का?" असे काहीतरी, ज्याचे "हो" म्हणजे मदत पाठवा.

स्टेशनवर काम करणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. एका माणसासोबत वेगवेगळ्या गावांची पाच-सहा मुले, सर्वांची तिकिटे त्याच्या खिशात, मुलांची उत्तरे पाठ केल्यासारखी एकसारखी, असे दिसले तर मुलांशी सहज बोलावे: कुठे उतरायचे, घ्यायला कोण येणार, घरचा नंबर पाठ आहे का. हिसकाहिसकी करू नये, आरडाओरडा करू नये, मोबाइलवर चित्रण तर अजिबात नको. गाडी थोडा वेळच थांबते, तेवढ्यात काही झाले नाही तर गाडी क्रमांक, डबा, सीट आणि पुढचा थांबा रेल्वेच्या १३९ वर आणि मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवावा; सेवाग्राम, गोंदिया किंवा बैतूलला गाडी पाहता येते. २०२३ पासून १०९८ ही सेवा ११२ आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी जोडलेली आहे. पण नुसता संशय म्हणजे गुन्हा नव्हे. मे २०२३ मध्ये बिहारहून मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवली गेली, सोबतच्या शिक्षकांवर गुन्हे लागले, मुलांना घरापासून दूर बालगृहांत दिवस काढावे लागले, आणि पुढच्या वर्षी गैरसमजातून हे झाले म्हणून गुन्हे बंद झाले. मुलांच्या कपड्यांवरून किंवा धर्मावरून निष्कर्ष काढणारा माणूस आमच्या जाळ्यात नको, हे आम्ही नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. पालकांना एक फोन लागला तरी पुष्कळ उलगडते.

आता धाडीकडे. वस्तीतल्या लोकांनी धाडीत शिरायचे नाही, सुटका करायला स्वतः तर जायचेच नाही. आपले काम माहितीचे: दारे किती, मागचा जिना कुठे निघतो, किल्ली कोणाकडे, मुली कुठल्या मजल्यावर, गर्दी किती वाजता. ही माहिती गुन्हे शाखेच्या मानवी तस्करीविरोधी कक्षाला किंवा सामाजिक सुरक्षा विभागाला द्यायची. जवळच्या बीटवर सांगितली तर ती कधीकधी धाडीआधीच दलालाकडे पोहोचते. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ प्रमाणे झडतीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांपैकी किमान एक स्त्री, आणि पथकात किमान दोन महिला पोलीस. स्त्री पंच त्याच परिसरातली असण्याची अट नाही, हे फार उपयोगाचे आहे, कारण शेजारणी भीतीने येत नाहीत. आम्ही अशा पंच बायकांची तयारी करून घेतो. पंचनाम्यातले प्रत्येक पान वाचून सही करायची, न पाहिलेले काही लिहिले असेल तर थांबवायचे, आणि तीन वर्षांनी कोर्टात हेच सांगावे लागेल हे मनाशी धरायचे. पंच फितूर झाला की खटला अर्धा तिथेच बसतो.

सुटका झालेल्या बाईला पहिला प्रश्न नाव-गाव विचारण्याचा नसतो. "तुमचं लेकरू कुठे आहे?" हा असतो. धाडीच्या गडबडीत पाळण्यातले मूल मागच्या खोलीत राहून जाते, किंवा सांभाळणाऱ्या म्हातारीकडे दुसऱ्या गल्लीत असते, आणि त्या मुलाच्या जोरावर दलाल पुढचे सहा महिने तिला गप्प ठेवतो. त्यानंतर औषधे. एचआयव्ही किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर पिशवीसकट घ्यायच्या, खंड पडू द्यायचा नाही. मग पैसे, मोबाइल, कागद. हे जप्त झाले तर पंचनाम्यात तिच्या नावाने आले पाहिजे, नाहीतर तिची कमाई आरोपीच्या मालमत्तेत जमा होते.

इथून सज्ञान आणि अल्पवयीन यांचे रस्ते फुटतात. सज्ञान स्त्रीला दंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. तिला काय हवे हे तिथे तिला बोलू दिले पाहिजे. स्वतःच्या इच्छेने देहविक्री करणाऱ्या सज्ञान स्त्रीला धाडीत अटक किंवा छळ होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितले. यावर आमचे मत स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीची नाकेबंदी झाली तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. वस्ती बंद पाडून तस्करी थांबत नाही. धंदा फ्लॅटमध्ये, लॉजवर, स्पामध्ये जातो आणि तिथे आशाताईही पोहोचत नाही, कंडोमही नाही, माहितीही नाही. नवीन आणलेली, घाबरलेली, लहान वयाची मुलगी कोण आहे हे सर्वांत आधी त्या वस्तीतल्या जुन्या बायकांना कळते. त्यांना शत्रू केले की आपले सर्वांत चांगले खबरी गेले.

अल्पवयीन मुलगी प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर व्हायला हवी. समितीची बैठक नसेल, रात्र असेल, सुट्टी असेल, तर एका सदस्यासमोरही हजर करता येते. "सोमवारी आणा" असे ऐकून मुलीला दोन रात्री ठाण्यात बसवणे चूक आहे. वयावरून वाद जवळजवळ नेहमीच होतो, कारण दलाल मुलीला एकोणीस वर्षांचे आधार कार्ड काढून देतो. बाल न्याय कायद्याचे कलम ९४ क्रम ठरवून देते: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधारवरची जन्मतारीख या क्रमात कुठेच नाही. हाडांच्या तपासणीत दोन वर्षांचा इकडे-तिकडे फरक राहतो, म्हणून गावच्या शाळेत त्याच दिवशी माणूस पाठवून दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मागवणे हे पहिल्या चोवीस तासांतले फार मोलाचे काम. पहिलीत घातलेल्या वेळची नोंद मिळाली तर वाद मिटतो.

त्याच चोवीस तासांत "मामा" आणि "काका" समितीच्या दारात येतात, सोबत वकील. कागदपत्रे नीट असतात, रडणेही खरे वाटते. प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे की गृहचौकशी झाल्याशिवाय मुलीचा ताबा पालकांनाही द्यायचा नाही आणि आरोपीच्या वकिलाने पीडित मुलीची बाजू मांडायची नाही. विकणारा कधीकधी सख्खा बाप असतो, त्यामुळे ही चौकशी टाळता येत नाही. सामाजिक तपासणी अहवालाला कायद्याने पंधरा दिवस दिले आहेत. नागपूरचीच मुलगी असेल तर ते जमते. ओडिशाची किंवा बंगालची असेल तर तिकडच्या जिल्ह्याच्या अहवालाला आठवडेच्या आठवडे लागतात.

आणि हाच काळ मुलीला सर्वांत जड जातो. तिच्या दृष्टीने पाहा. तिला कोंडून ठेवणाऱ्या घरातून काढले आणि दुसऱ्या कुलूपबंद घरात ठेवले. फोन नाही, भाषा कळत नाही, कधी जायचे ते कुणी सांगत नाही. "मी काय गुन्हा केला?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलगी विचारते. बालगृहातून पळून पुन्हा दलालाकडे गेलेल्या मुली या दिवसांतच पळतात. इथे जाळ्याचे काम मोठे नाही, पण ते दुसरे कोणी करत नाही. दर आठवड्याला एकच ठरलेली बाई भेटायला जाते, बदलत नाही. तिची भाषा येणारे माणूस शोधले जाते. नागपुरात गोंडी, छत्तीसगढी, ओडिया, बंगाली बोलणारी माणसे मिळतात, फक्त ते मुलीच्या गावचे किंवा नात्यातले नसावे. समितीच्या परवानगीने आईशी फोन लावून दिला जातो. आणि पुढची तारीख काय, त्या दिवशी काय होणार, हे तिला सांगितले जाते, उत्तर "अजून अहवाल आला नाही" असे असले तरी.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात. मेडिकल, मेयो किंवा डागा, कुठल्याही सरकारी रुग्णालयात नेले तरी संमती विचारून, स्त्री डॉक्टरांकडून, माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत. उपचार मोफत द्यायचे आणि नाकारायचे नाहीत, हे खासगी रुग्णालयांनाही लागू आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे आणि गर्भनिरोधक गोळी दोन्ही अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत सुरू झाली पाहिजेत, म्हणून कागद होईपर्यंत थांबायचे नाही. गर्भ असेल तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळ आणि न्यायालय आले, म्हणजे आणखी दिवस गेले. दोन बोटांची चाचणी बंद आहे. कुणी करू लागले तर सोबतच्या बाईने तिथेच हरकत घ्यावी.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. जुने लोक अजून १६४ म्हणतात. तो त्याच रात्री उरकण्याची घाई होते. न झोपलेली, न जेवलेली मुलगी तारखा उलटसुलट सांगते, आणि तीच विसंगती उलटतपासणीत तिच्यावर येते. एक झोप, दोन जेवणे, आणि विश्वासाचे माणूस बाहेर बसलेले, एवढे मिळाले की जबाब वेगळा होतो. पण आठवडाभर लांबवणेही बरे नाही, तेवढ्यात निरोप पोहोचतात. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणात बाल कल्याण समितीकडून तपास आणि खटल्यात मुलीसोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमून घ्यावी. अर्ज केला नाही तर ती नेमणूक पुष्कळदा राहूनच जाते.

वीटभट्टीवरून सोडवलेल्या कुटुंबांचा कागद वेगळा आहे आणि तो हुकला तर सगळेच हुकते. जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? अधिकारी येतात, मालकाकडून थोडी मजुरी देववतात, "मजुरीचा वाद मिटला" असे लिहितात आणि त्याच संध्याकाळी सर्वांना ट्रकमध्ये बसवून गावी पाठवतात. माणसे खूश होऊन जातात. मग कळते की प्रमाणपत्राशिवाय ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत नाही, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषण झालेल्यांसाठीची ३ लाखांची रक्कमही नाही. शिवाय उचल अजून अंगावर असल्याचे सांगत मुकादम पुढच्या हंगामात दारात उभा. प्रमाणपत्रावर उचलीचे कर्ज रद्द झाल्याचा उल्लेख आणि प्रत्येक माणसाचे, स्त्रीचे, मुलाचे वेगळे नाव असावे; कुटुंबप्रमुखाच्या एका नावावर काम भागवू देऊ नये. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असते, म्हणून उपविभागीय अधिकाऱ्यांपुढचा संक्षिप्त खटला कुठे अडला हे विचारत राहावे लागते.

पीडितेच्या नुकसानभरपाईचा अर्ज सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तिथे वकीलही मोफत मिळतो. बलात्कार आणि पोक्सोच्या गुन्ह्यांत २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे, कमाल १० लाखांपर्यंत. निकालाची वाट पाहायची गरज नसते. अंतरिम रक्कम मागता येते आणि ती पहिल्या अर्जातच मागावी. अडते कुठे? बँक खात्यावर. मुलीचे आधार दलालाकडे गेलेले असते, नव्याने काढायला पत्ता लागतो, पत्ता म्हणून बालगृहाचा द्यायचा की घरचा यावर आठवडे जातात. आईबापांच्या संयुक्त खात्यात पैसे घालणे आम्हाला मान्य नाही, विशेषतः ज्या घरातून मुलगी गेली त्या घरात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत सज्ञान स्त्रीच्या रकमेचा ७५ टक्के आणि अल्पवयीन मुलीच्या रकमेचा ८० टक्के भाग मुदत ठेवीत जातो. हे तिला आधी समजावले नाही तर "सरकारने पैसे खाल्ले" असा समज होतो आणि ती पुढच्या तारखांना येत नाही.

परतल्यानंतरच्या मदतीत शिलाई मशीनचा आग्रह सोडावा असे आमचे ठाम म्हणणे आहे. प्रत्येक संस्था मशीन देते. वस्तीत आधीच पाच मशिनी धूळ खात असतात. ज्या कामाला महिन्याच्या महिन्याला पगार आहे त्याचे शिक्षण द्यावे: आयटीआय, रुग्णालयातील सहायक, मोठे स्वयंपाकघर, पॅकिंग. शिकत असतानाचे घरभाडे कोण देणार हे आधी ठरवावे, कारण मुली अभ्यासक्रम सोडतात त्या भाड्यापायी. शाळेत जाणाऱ्या मुलीला बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. ते सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून अर्ज घरी पाठवण्यापूर्वीच भरावा. गावातल्या तोंडांचाही बंदोबस्त लागतो. मुलगी "कामाला गेली होती, परत आली" एवढेच पोलीस पाटील आणि आशाताईंनी सांगायचे, आणि दोघींनी-तिघांनी एकच सांगायचे. पोलिसांची गाडी दारात थांबली की हे सगळे वाया जाते. गृहभेट साध्या कपड्यांत, साध्या गाडीने व्हावी असे लेखी मागता येते.

साक्षीची तारीख येते तोवर दोन, कधी चार वर्षे गेलेली असतात. मुलीचे लग्न झालेले असते, नंबर बदललेला असतो, सासरी काही माहीत नसते, आणि समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन "मिळून आली नाही" या शेऱ्यासह परत येते. आरोपी सुटतात ते बहुधा अशा शेऱ्यांवर. म्हणून प्रत्येक मुलीमागे तीन नंबर ठेवायचे, त्यांपैकी दोन नात्याबाहेरच्या बायकांचे, आणि दर तीन महिन्यांनी ते लावून पाहायचे. समन्स घरी न पाठवता सहायक व्यक्तीमार्फत पाठवावे असा अर्ज सरकारी वकिलांकडून घालून घ्यावा. नागपूरपर्यंत येणे शक्य नसेल तर तिच्या जिल्ह्याच्या न्यायालयातून व्हिडिओवर साक्ष देता येते. आरोपी तिला दिसू नये अशी सोय करण्याची जबाबदारी पोक्सोत न्यायालयावरच आहे. धमकी येत असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे अर्ज करावा. धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. अर्जात "धमकी येते" एवढे पुरत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवरून, काय शब्द, कोण ऐकायला होते, हे लिहिलेले असेल तर अहवाल कामाचा येतो.

बालगृहातल्या मुलीचा अठरावा वाढदिवस ही तितकीच धोक्याची तारीख. त्या दिवशी तिला बाहेर पडावे लागते, आणि गेटबाहेर कोण उभे असेल सांगता येत नाही. बाल न्याय कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे: राहण्याची सोय, शिक्षण, थोडी आर्थिक मदत. अर्ज ती सतरा वर्षांची असतानाच समितीकडे द्यावा, सोबत ती काय शिकते आहे त्याचा दाखला आणि तिच्या स्वतःच्या शब्दांत तिला पुढे काय करायचे आहे ते. मंजुरी वेळेत आली नाही तर मधल्या काळासाठी वसतिगृहातली एक खाट आधीच बोलून ठेवावी.